लेखनाचे टप्पे शिकताना आणि शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात मी शाळकरी मुलांचे आणि थोडेफार मोठ्यांचेही लेखनाचे वर्ग घेते, काही शिक्षकांबरोबर पण काम करते, आणि जून उजाडला की तेच प्रश्न फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, शाळेच्या गेटपाशी उभं राहून विचारले जातात. म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. तुम्हाला जो प्रश्न सतावतोय तो आधी वाचा, बाकीचे सावकाश बघा.

लेखनाचे टप्पे म्हणजे नेमके कोणते?

साधारण पाच धरतात. आधी तयारी, म्हणजे विषय पकडणं, आठवणं, विचारपूस करणं, मुद्दे गोळा करणं. मग कच्चं लिहिणं. मग पुनर्लेखन, म्हणजे मजकूर हलवणं, कापणं, भर घालणं. मग शुद्धलेखन आणि विरामचिन्हं तपासणं. आणि शेवटी ते कोणाला तरी वाचायला देणं, ज्याला प्रकाशन असं मोठं नाव आहे पण वर्गाच्या भिंतीवर कागद लावला तरी ते प्रकाशनच. कोणी यातले दोन एकत्र करून चार सांगतात, कोणी सहा सांगतात, त्यावर वाद घालत बसू नका. खरी गोष्ट एवढीच की एका वेळी एकच काम करायचं. सुचलेलं कागदावर आणणं आणि त्यातल्या चुका काढणं ही दोन कामं एकदम करायला गेलं की दोन्ही अर्धवट होतात, आणि मुलं अडतात ती बहुतेक वेळा इथेच अडतात. त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं असं अजिबात नाही.

हे परदेशी फॅड आहे का? आम्ही तर असं काही न शिकता लिहायला शिकलो.

शिकवायची पद्धत म्हणून हे अमेरिकेत रुजलं, ते खरंय. १९७१ मध्ये जॅनेट एमिग यांनी बारावीतल्या मुलांना लिहिताना मनातलं मोठ्याने बोलायला लावलं आणि लिहिणारा माणूस प्रत्यक्षात काय काय करतो याची नोंद केली. पुढच्या वर्षी डोनाल्ड मरी यांनी, जे आधी पत्रकार होते आणि मग शिक्षक झाले, असं मांडलं की आपण वर्गात फक्त तयार झालेला निबंध तपासत बसतो, तो तयार कसा होतो ते शिकवतच नाही. आजही आपल्याकडे बहुतेक वर्गांत हेच चालतं, विषय फळ्यावर लिहायचा, उद्या वह्या गोळा करायच्या आणि परवा गुण द्यायचे, मधलं काहीच कोणी बघत नाही.

पण काम म्हणून हे परकं नाही हो. आधी खर्डा, मग दुरुस्त्या, मग पक्की प्रत हे आपल्या कचेऱ्यांत आणि छापखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. ते कधी मुलांपर्यंत पोचलं नाही, एवढंच.

टप्पे याच क्रमाने करायलाच हवेत का?

नाही. लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९८१ मध्ये दाखवून दिलं की लिहिणारा सतत मागेपुढे करत असतो, लिहिता लिहिता बेत बदलतो, तपासता तपासता नवीन काहीतरी सुचतं आणि परत मुद्द्यांकडे जावं लागतं. त्यामुळे 'सोमवारी तयारी, मंगळवारी कच्चं, बुधवारी पुनर्लेखन' असं वेळापत्रक वर्गाच्या सोयीसाठी ठीक आहे, पण बुधवारी एखादी मुलगी म्हणाली की माझा विषयच बदललाय तर तिला अडवू नका. तिचं डोकं चालायला लागलंय.

मुलगा तासभर कोरा कागद घेऊन बसतो, 'काय लिहू सुचतच नाही' म्हणतो. काय करावं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि मला विचाराल तर यात मुलाचा दोष फार कमी असतो. आपण त्याला विषय देतो 'पावसाळा', आणि पावसाळ्यावर सांगण्यासारखं काय आहे हे त्याला शोधायला वेळच देत नाही. मग तो बिचारा 'पावसाळा हा माझा आवडता ऋतू आहे' असं लिहितो आणि थांबतो, कारण पुढे खरंच काही नाहीये.

आधी विषय लहान करा. 'पावसाळा' नको, 'आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी भरलं तेव्हा' घ्या. 'पालखी सोहळा' नको. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात मुक्कामाला असते, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, तर त्या दिवशी मुलाला घेऊन तिकडे जा आणि त्याला एकच काम द्या, की लोक वारकऱ्यांसाठी काय काय करतायत ते बघ. कोणी फुकट दाढी-कटिंग करून देतो, कोणी तुटलेल्या चपला शिवून देतो, कोणी पाय चेपून देतो. घरी आल्यावर त्याला लिहायला लावू नका, आधी बोलायला लावा. आजीला सांग म्हणावं आज काय बघितलंस. आजी प्रश्न विचारते, 'मग तो चप्पल शिवणारा पैसे घेत नव्हता का रे?', आणि त्या उत्तरातच अर्धा निबंध तयार होतो. बोलून झालं की मगच कागद द्या आणि शब्द-शब्द, तुकडे-तुकडे लिहायला सांगा, पूर्ण वाक्यं नकोत.

दुसरा उपाय म्हणजे घड्याळ लावून पाच मिनिटं हात न थांबवता लिहायचं. लेखन शिकवणारे अमेरिकन प्राध्यापक पीटर एल्बो यांनी १९७० च्या दशकात ही युक्ती खूप प्रसिद्ध केली. नियम एकच, पेन थांबवायचं नाही, सुचलं नाही तर 'सुचत नाही सुचत नाही' असंच लिहायचं. त्यातलं बरंचसं टाकाऊ असतं पण दोन ओळी अशा निघतात की मूल स्वतःच म्हणतं, हे मला माहीतच नव्हतं की मला आठवतंय. हे कागद तपासू नका, वाचूही नका जर मुलाला नको असेल तर. मोठ्या मुलांना हा प्रकार जास्त मानवतो, चौथीच्या खालच्यांना बोलणं आणि चित्र जास्त बरं.

आणि एक सांगते, तयारीला दिलेला वेळ वाया जातो असं पालकांना फार वाटतं. अर्धा तास झाला, अजून एक ओळ नाही! पण त्या अर्ध्या तासात तो खिडकीतून बघत नसेल, कोणाशी बोलत असेल, मुद्दे खरडत असेल, तर लेखन सुरू झालेलं आहे.

कच्चं लिहिताना किती कच्चं चालतं?

खूप. ऱ्हस्व-दीर्घ चुकू दे, शब्द आठवला नाही तर रेघ मारून पुढे जाऊ दे, इंग्लिश शब्द आला तर येऊ दे. रफ वहीत, एक ओळ सोडून लिहायची सवय लावा, कारण त्या रिकाम्या ओळीत नंतर दुरुस्त्या मावतात. खोडरबर लपवून ठेवा. मी हे गमतीत म्हणत नाहीये, खोडरबर हातात असलं की काही मुलं पहिलं वाक्य इतक्यांदा पुसतात की कागद फाटतो आणि दुसऱ्या वाक्यापर्यंत पोचतच नाहीत. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, पुसायचं नाही. रेघेखालचं दिसत राहतं आणि कधी कधी तेच परत लागतं.

पुनर्लेखन आणि शुद्धलेखन तपासणं एकच ना?

नाही, आणि या एका गोंधळामुळे सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नॅन्सी सॉमर्स यांनी १९८० मध्ये विद्यार्थी आणि मुरलेले लेखक यांच्या दुरुस्त्यांची तुलना केली. विद्यार्थी दुरुस्ती म्हणजे शब्द बदलणं समजत होते, आणि मुरलेले लेखक आपलं म्हणणं काय आहे तेच परत शोधत होते, त्यासाठी अख्खे परिच्छेद उचलून इकडून तिकडे टाकत होते. आपल्या मुलांना 'परत एकदा बघ' म्हटलं की ती 'सुंदर' खोडून 'अतिसुंदर' करतात आणि वही परत देतात. त्यांना दुसरं काही करता येतं हे कोणी दाखवलेलंच नसतं.

दाखवायचं कसं? समजा आठवीतल्या एका मुलीने पानशेतच्या पुरावर लिहिलंय, आजीला विचारून. तिचं कच्चं असं आहे:

'पानशेत धरण फुटले तेव्हा पुण्यात हाहाकार माजला. सगळीकडे पाणीच पाणी झाले. लोकांची त्रेधातिरपीट उडाली. माझी आजी तेव्हा लहान होती. तिने हे सर्व स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. तो दिवस ती कधीच विसरणार नाही.'

शुद्धलेखनाची एकही चूक नाही. लाल पेनवाला याला चांगले गुण देईल. पण यात आजी कुठेच दिसत नाहीये, हे कोणाच्याही आजीबद्दल लिहिता येईल. आता मुलीला शब्द सुचवू नका, प्रश्न विचारा. आजी किती वर्षांची होती? कुठे राहायची? पाणी आलं तेव्हा घरात काय चाललं होतं? ती पळाली कुठे? परत आल्यावर पहिली कुठली वस्तू बघितली? 'हाहाकार' म्हणजे आजीने प्रत्यक्ष काय ऐकलं? मुलीला यातलं अर्धं माहीत नसतं, ती परत आजीकडे जाते, म्हणजे बघा, पुनर्लेखनाच्या टप्प्यावरून तयारीच्या टप्प्यावर परत, आणि तेच बरोबर आहे. मग दुसऱ्या खेपेला असं काहीतरी येतं:

'आजी तेव्हा नऊ वर्षांची होती आणि नारायण पेठेत राहायची. तिच्या आईने भात चुलीवर ठेवला होता तो तसाच सोडून सगळे पर्वतीकडे पळाले. आजीच्या पायात एकच चप्पल होती. दोन दिवसांनी परत आले तर ज्वारीच्या कणगीत चिखल भरला होता आणि आजीची आई त्या कणगीपाशी बसून राहिली. नळाला पाणी नव्हते, म्हणून आजी जुन्या आडावर रांगेत उभी राहायची. एवढा पूर येऊन गेला आणि प्यायला पाणी नाही, याचे तिला अजून नवल वाटते.'

शेवटचं वाक्य आलं कुठून? नळ का बंद होते हे विचारल्यामुळे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्याने खाली खडकवासल्याचं धरणही फुटलं, आणि शहराला पाणी तिथूनच यायचं. ही माहिती मुलीने शोधली तेव्हा आजीची रांगेत उभं राहायची आठवण आणि धरणाचा इतिहास एकमेकांना जोडले गेले. 'हाहाकार' आणि 'त्रेधातिरपीट' आपोआप गळून गेले, कोणी खोडायला सांगितलं नाही. शुद्धलेखन बघायचं ते यानंतर. पहिल्याच परिच्छेदाचं शुद्धलेखन बघत बसलो असतो तर मुलीला वाटलं असतं काम संपलं.

घरी किंवा वर्गात करायचे सोपे प्रकार: कच्चं मोठ्याने वाचायचं, अडखळलो तिथे खूण करायची. दुसऱ्याने वाचायचं आणि लिहिणाऱ्याने नुसतं ऐकायचं, समजावून सांगायला तोंड उघडायचं नाही. परिच्छेद कात्रीने कापून जमिनीवर मांडायचे आणि क्रम बदलून बघायचा, मुलांना हे जाम आवडतं. पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचायचं, बहुतेक वेळा निबंध तिथूनच सुरू व्हायला हवा असतो, पहिला परिच्छेद हात मोकळा करण्यापुरताच असतो.

मग शुद्धलेखन कधी आणि कसं बघायचं?

सगळ्यात शेवटी, पण नीट. शुद्धलेखनाला महत्त्व नाही असं मी म्हणत नाहीये, मला त्याची खूप काळजी आहे. मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यात आणखी चारची भर पडली, असे एकूण अठरा आहेत. हे सगळे एकदम मुलांच्या अंगावर टाकू नका. एका वाचनात एकच नियम बघायचा.

पहिल्या वाचनात फक्त शब्दाचं शेवटचं अक्षर: मराठी शब्दाच्या शेवटी इकार-उकार दीर्घ, म्हणजे पाटी, जादू, मी, तू. अपवाद थोडेच आहेत, आणि, नि, परंतु, तथापि हे पाठच करून टाका. दुसऱ्या वाचनात सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं होणारं रूप: मूल पण मुलाला, फूल पण फुलाला, वीट पण विटेवर, गरीब पण गरिबाला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र बदलत नाहीत, परीक्षा आणि परीक्षेला दोन्हीकडे री दीर्घच. तिसऱ्या वाचनात अनेकवचनाचा आणि आदराचा अनुस्वार: मुलांना, झाडांवर, आजोबांनी, सरांचा. हा अनुस्वार सगळ्यात जास्त राहून जातो, मोठ्यांचाही.

आणि एक, 'असं, केलं, गेलं' लिहायचं की 'असे, केले, गेले' हे आधी ठरवा. परीक्षेत दुसरं, पात्राच्या तोंडी संवादात पहिलं बिनधास्त. एकाच परिच्छेदात दोन्ही मिसळले की वाचणारा अडखळतो.

उलटं वाचायची पण एक युक्ती आहे, शेवटच्या वाक्यापासून एकेक वाक्य वर वर जायचं. गोष्टीच्या ओघात डोळा चूक सोडून देतो, उलटं वाचताना सोडत नाही.

माझ्या वर्गात साठ मुलं आहेत. हे सगळं मी कसं करू?

तुमची अडचण खरी आहे आणि साठ कच्चे निबंध घरी नेऊन तपासा असं मी कोणालाही सांगणार नाही. कच्चं तपासायचंच नाहीये. कच्च्यावर मुलं एकमेकांना प्रश्न विचारतील, जोडीजोडीने, आणि ते कसं विचारायचं हे तुम्ही आधी फळ्यावर एकदा करून दाखवायचं. स्वतःचा एक परिच्छेद फळ्यावर लिहा, मुलांसमोर खोडा, बदला, मोठ्याने विचार करा, 'हे वाक्य इथे का आलंय बरं?' बाईंनासुद्धा खोडावं लागतं हे बघून मुलांच्या खांद्यावरचं ओझं उतरतं.

जोडीदाराने दोनच गोष्टी सांगायच्या: मला कुठलं आवडलं, आणि मला कुठे प्रश्न पडला. 'छान आहे' चालणार नाही, 'चूक आहे' पण चालणार नाही. सुरुवातीला कलकलाट होईल, होऊ द्या.

तपासायचं झालं तर आठवड्याला एकाच रांगेच्या वह्या घ्या आणि प्रत्येक वहीवर एक प्रश्न लिहा, फक्त एक. लाल रंगाने अख्खं पान भरलेलं बघून मूल त्यातलं काहीच वाचत नाही, खालचे गुण बघून वही मिटतं. आणि वर्षाला पंधरा निबंध उरकण्यापेक्षा पाच-सहाच घ्या पण ते शेवटपर्यंत न्या. मुख्याध्यापकांना निबंधांची संख्या लागते, माहितीये मला, अशा वेळी रफ वहीतले दोन खर्डे आणि फेअर वहीतली प्रत शेजारी शेजारी ठेवून दाखवा, फरक दिसला की बहुतेक जण ऐकतात.

दहावीच्या पेपरात एवढे टप्पे करायला वेळ कुठे असतो?

हिशोब करू या. मराठी प्रथम भाषेचा पेपर ८० गुणांचा, वेळ तीन तास, त्यात उपयोजित लेखन २४ गुणांचं. म्हणजे गुणांच्या प्रमाणात ५४ मिनिटं. शेवटचं लेखनकौशल्य, म्हणजे प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक, ८ गुणांचं, त्याला १८ मिनिटं येतात. तीन मिनिटं मुद्दे, बारा मिनिटं लिखाण, तीन मिनिटं तपासणं.

पेपरात परत लिहायची सोय नाही, म्हणून पुनर्लेखन मुद्द्यांवरच करून घ्यायचं. शेवटच्या पानावर पेन्सिलीने पाच-सहा शब्द खरडा, त्यांना आकडे घाला, एखादा गाळा, मग सुरू करा. ज्या मुलाने वर्षभर घरी कच्चं-पक्कं केलंय त्याला हे तीन मिनिटांत जमतं कारण कुठला मुद्दा दमदार आणि कुठला भरतीचा हे त्याला कळायला लागलेलं असतं. ज्याने केलं नाही त्याला तीन काय तीस मिनिटं दिली तरी उपयोग नाही.

अप्पा बळवंत चौकातून निबंधाचं गाइड आणलंय, पाठ करून घेऊ का?

नको. वाचायला ठेवा हवं तर. पाठ केलेला निबंध तपासणाऱ्याला पहिल्या दोन ओळींत ओळखू येतो कारण त्याने सकाळपासून तो आधीच वाचलेला असतो. गाइडचा एक चांगला उपयोग आहे: त्यातला निबंध घ्या आणि मुलाला म्हणा याचं पुनर्लेखन कर, यातली कुठली वाक्यं आपल्या कोथरूडच्या, हडपसरच्या, येरवड्याच्या मुलाने लिहिली असती आणि कुठली नसती? दुसऱ्याच्या लिखाणावर कात्री चालवायला मुलं घाबरत नाहीत. सरावाला उत्तम.

पहिली-दुसरीच्या मुलांना हे जमेल?

जमेल. त्यांची तयारी म्हणजे चित्र. चित्र काढू द्या, मग चित्राबद्दल बोलू द्या, तुम्ही ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि वाचून दाखवा. 'अजून काही राहिलं का?' विचारलं की मूल म्हणतं 'हो, मांजर राहिलं', आणि मांजर घातलं जातं. हेच त्याचं पुनर्लेखन.

आमची मुलगी इंग्लिश मीडियमला आहे, मराठीत वाक्य सुरू करते आणि इंग्लिशमध्ये संपवते.

२०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीचं झालंय, त्यामुळे हा प्रश्न आता खूप घरांत आहे. कच्चं मिश्र भाषेत लिहू दे. तिला जे सांगायचंय ते आधी कागदावर येऊ दे. पुनर्लेखनाच्या वेळी बसून तीन-चार इंग्लिश शब्द निवडा आणि घरात विचारा, आजोबा याला काय म्हणाल? सगळे बदलायला जाऊ नका. बस, स्टेशन, मोबाइल हे मराठीच आहेत आता. पण 'मी एक्साइटेड होते' असं असेल तिथे थांबून विचारा की तुला नेमकं काय होत होतं, झोप लागत नव्हती? पोटात गोळा आला होता? मग तीच सांगेल, आणि ते मराठीत सांगेल.

मोबाइलवर बोलून टाइप केलं तर चालतं का?

कच्च्यासाठी खूप चांगलं, विशेषतः ज्यांचा हात हळू चालतो त्यांना. बोललेलं मराठीत बऱ्यापैकी उमटतं. पण पुनर्लेखनासाठी छापून घ्या किंवा वहीत उतरवा, छोट्या पडद्यावर अख्खा मजकूर एका नजरेत दिसत नाही आणि मग फक्त शब्द बदलले जातात. ज्या मुलांना अध्ययन अक्षमता आहे त्यांच्यासाठी बोलून सांगणं हा पूर्ण मानाचा मार्ग आहे, त्यात काही कमीपणा नाही. बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक आणि जास्त वेळ अशा सवलती मिळतात, त्यासाठी शाळेतून वेळेत अर्ज करा, ऐनवेळी धावपळ होते.

चॅटजीपीटीकडून निबंध लिहून घेतला तर?

तर मुलाने पाचही टप्प्यांतलं काहीच केलं नाही. चॅटजीपीटीकडून प्रश्न विचारून घेता येतात, म्हणजे आपलं कच्चं देऊन 'वाचणाऱ्याला कुठे प्रश्न पडेल' एवढंच विचारायचं, आणि उत्तरं स्वतः लिहायची. मोठी मुलं हे नीट करू शकतात. पण आठवीपर्यंत मी म्हणेन की प्रश्न विचारायला घरातलं माणूसच हवं. आजीच्या कणगीतला चिखल आजीकडेच आहे, तो दुसरं कोणी सांगू शकत नाही.

मुलीने लिहिलेलं मला दाखवलं तर मी काय म्हणू? मला साहित्यातलं काही कळत नाही.

कळायची गरजच नाही. वाचा आणि तुम्हाला काय दिसलं ते तिला सांगा: 'मला तो रिक्षावाला दिसला, पण तुम्ही घरी कशा पोचलात ते कळलं नाही.' बस. पेन हातात घेऊ नका, तुमचं चांगलं वाक्य सुचवू नका, तिचं साधंसं वाक्यच राहू द्या. आणि आधी विचारा, 'कच्चं आहे की पक्कं?' कच्च्याला शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या की पुढच्या वेळी ती दाखवायला येणार नाही, हे मी खूप घरांत बघितलंय आणि दर वेळी वाईट वाटतं.

प्रकाशन म्हणजे कुठे छापून आणायचं?

छापलं तर आनंदच. बालभारतीचं किशोर मासिक १९७१ पासून निघतंय, मुलांना आधी ते वाचायला द्या. पण वर्गात करायचं तर हस्तलिखित दिवाळी अंक काढा. आपल्याकडे १९०९ पासून दिवाळी अंकांची परंपरा आहे, मुलांनी घरात अंक बघितलेले असतात, संपादकीय, अनुक्रमणिका, व्यंगचित्र, जाहिराती सगळं त्यांना माहीत असतं. जुलैत संपादक मंडळ नेमा, ऑगस्टमध्ये विषय, गणपतीच्या सुट्टीत कच्चं, सप्टेंबरभर पुनर्लेखन, शेवटी दोन मुलं मुद्रितशोधक. वाचणारं कोणी आहे म्हटलं की मुलं स्वतःहून परत लिहितात, मागे लागावं लागत नाही.

पन्नाशीनंतर सुरू केलं तर हेच टप्पे?

हेच. फक्त मोठ्यांना कच्चं वाईट लिहायची लाज जास्त वाटते. आठवणी लिहिणाऱ्यांना मी सांगते की आयुष्य पहिल्यापासून लिहायला घेऊ नका, एक खोली घ्या, वाड्यातलं स्वयंपाकघर म्हणा, आणि त्यात कोण कुठे बसायचं ते लिहा.

किती वेळा परत लिहायचं?

शाळेच्या निबंधाला एकदा नीट पुरतं. आवडीच्या लिखाणाला, जोपर्यंत बदल केल्याने काही उलगडतंय तोपर्यंत. नुसते शब्द इकडचे तिकडे व्हायला लागले की थांबा.

जुनी रफ वही रद्दीत टाकू का?

अजिबात नको. वर्षाच्या शेवटी मुलाला बसवून एखाद्या निबंधाचं पहिलं कच्चं आणि शेवटची प्रत शेजारी ठेवून दाखवा, आणि त्यालाच सांगू दे काय बदललं आणि का. शिक्षक असाल तर गुणपत्रकापेक्षा हे पालकसभेत दाखवा. वह्यांवर इयत्ता आणि महिना घालून ठेवा, म्हणजे नंतर शोधायला त्रास होत नाही.